रसात बुरशी दिसत नाही : सफरचंदाचा ज्यूस आणि पॅट्युलिन



पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. अन्न खराब का होतं, हा विषय. एका मुलीने विचारलं, "बाई, आमच्याकडे सफरचंद नासलं की आई नासकं काढून टाकते आणि उरलेल्याचा ज्यूस करते. चालतं ना?" मी 'चालतं' म्हणणारच होते, कारण माझ्या घरीही हेच होत आलंय. पण खात्री नव्हती. "उद्या सांगते," म्हटलं आणि घरी येऊन वाचायला बसले. जे समजलं ते इथे मांडते.

पॅट्युलिन म्हणजे काय?

सफरचंदावर मऊ, तपकिरी डाग पडतो आणि त्यावर निळसर-हिरवी भुकटी दिसते. ती बहुतेक वेळा पेनिसिलियम एक्स्पान्सम नावाची बुरशी असते. ती वाढताना एक विषारी पदार्थ तयार करते, त्याचं नाव पॅट्युलिन. पेनिसिलिन हे औषध ज्या बुरशीपासून मिळालं, तिच्याच कुळातली ही बुरशी. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये पॅट्युलिनही सर्दीवरचं औषध म्हणून तपासलं गेलं होतं! पुढे ते विषारी असल्याचं लक्षात आलं आणि औषधाचा विचार मागे पडला.

ही बुरशी फळात शिरते ती जखमेतून. आपल्याकडे सफरचंदं काश्मीर-हिमाचलमधून ट्रकने येतात. वाटेत मार लागतो, ओरखडे पडतात. तिथूनच तिला वाट मिळते. फ्रीजमध्ये ती मंदावते, पण थांबत नाही.

शरीरावर काय परिणाम होतो?

मळमळ, उलटी, पोट बिघडणं असे त्रास नोंदले गेले आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेमुळे आतड्यांना इजा झालेली दिसली. माणसाला त्यामुळे कॅन्सर होतो असा पुरावा मात्र नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण काळजी घ्यायलाच हवी.

उकळून किंवा गाळून जात नाही का?

पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. उष्णतेने बुरशी मरते. पण तिने आधीच तयार केलेलं पॅट्युलिन आंबट रसात उष्णतेलाही बरंच टिकून राहतं. पाश्चरायझेशननेही ते पूर्ण जात नाही. गाळणीत चोथा अडकतो, पण पॅट्युलिन पाण्यात विरघळतं, म्हणून ते रसाबरोबर खाली उतरतं. वास, रंग, चव यावरूनही ते ओळखता येत नाही.

अख्खं फळ खाताना आपण बघतो, नासकं दिसलं की बाजूला ठेवतो. रसात मात्र चार चांगल्या फळांबरोबर एक नासकं गेलं तरी कुणाला कळत नाही. रसाचा खरा धोका इथे आहे.

थोडं गणित करू या

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सफरचंदाच्या रसात पॅट्युलिनची मर्यादा १ किलोला ५० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. (१ ग्रॅम म्हणजे १० लाख मायक्रोग्रॅम.) युरोपातही रसाला हीच मर्यादा आहे, पण बाळांच्या खाण्यासाठी ती फक्त १० आहे. असं का? बघा :

- तज्ज्ञांनी ठरवलेली रोजची सहन होणारी मात्रा : वजनाच्या दर किलोला ०.४ मायक्रोग्रॅम
- २० किलोच्या मुलासाठी : २० × ०.४ = ८ मायक्रोग्रॅम
- मर्यादेला टेकलेल्या रसाच्या २०० मिली ग्लासात : सुमारे १० मायक्रोग्रॅम

६० किलोच्या मोठ्या माणसाला हीच मात्रा २४ येते. म्हणजे तोच ग्लास आपल्याला चालतो, पण मुलाला जास्त होतो. अर्थात प्रत्येक रसात एवढं पॅट्युलिन नसतं आणि एका ग्लासाने काही बिघडत नाही. ८ हा आकडा रोज, वर्षानुवर्षं घेण्याचा हिशोब आहे. पण मुलांना रोज ज्यूस नको, फळ द्या, असं मी आता पालकसभेत सांगते.

घरी काय करावं?

१. रसासाठी प्रत्येक सफरचंद आधी चिरून बघा. बाहेरून चांगलं दिसणारं फळ कधी कधी गाभ्यात बुरशी लागलेलं असतं.
२. बुरशी लागलेलं फळ रसात, जॅममध्ये किंवा बाळाच्या प्युरीत घालू नका. डागाच्या आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातही पॅट्युलिन थोडं पसरलेलं असू शकतं.
३. मार लागलेली फळं वेगळी काढून आधी संपवा.
४. चिरलेली फोड तपकिरी पडते ती हवेमुळे. ती बुरशी नव्हे, मुलांना हा फरक जरूर सांगा.
५. बाहेर ज्यूस घेताना फळं समोर चिरून घ्यायला सांगा.

वर्गातला उपक्रम

दोन सफरचंदं घ्या. एकाला खिळ्याने ओरखडे काढा, दुसरं तसंच ठेवा. दोन पारदर्शक बरण्यांत ठेवून झाकणं चिकटपट्टीने बंद करा. मुलांनी रोज चित्र काढून नोंद करायची. बुरशी आधी कुठे दिसते? बरणी शेवटपर्यंत उघडू नका, तशीच फेका.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं वर्गात सांगितलं. तीच मुलगी म्हणाली, "पण बाई, सफरचंद केवढं महाग असतं!" खरंच आहे. तिची आई चुकत नव्हती, अन्न वाया जाऊ नये म्हणूनच करत होती. मी म्हटलं, "आईला सांग, एकदम किलोभर आणण्यापेक्षा चारच आणा, पण नासायच्या आधी खा." आठवड्याने ती डब्यात सफरचंदाच्या फोडी घेऊन आली. तपकिरी पडल्या होत्या. शेजारची म्हणाली, "ई, नासलंय!" तर ही लगेच, "नासलं नाही गं, हवा लागलीय!"