पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

पोट फुगतं, जेवलं की जड होतं, मधूनच जुलाब लागतात, अशी तक्रार चार माणसांत केली की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : "महिनाभर पोळी बंद करून बघ." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पैसे लागत नाहीत, औषध घ्यावं लागत नाही. तरीही सिलिॲक हा आजार वेळेत पकडला जाऊ नये अशी कोणाची इच्छा असती, तर त्याने नेमका हाच सल्ला दिला असता.

सिलिॲक ही ॲलर्जी नाही आणि पचनशक्तीचा अशक्तपणाही नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर चालून जाताना स्वतःच्याच लहान आतड्याला जखमी करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातलं सत्त्व तिच्यातूनच शोषलं जातं. ही लव झिजून सपाट झाली की माणूस पोटभर जेवूनही उपाशी राहतो.

या लढाईच्या खुणा रक्तात सापडतात. टीटीजी-आयजीए ही पहिली चाचणी. तिच्यासोबत एकूण आयजीए (रक्तातलं एक प्रतिपिंड) मोजायला हवं, कारण काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही आणि मग आजार असूनही टीटीजीचा आकडा निर्दोष दिसतो. रक्तात खूण सापडली की दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा ठिकाणचे कण काढून तपासतात. एंडोस्कोपीच्या नावानेच घाबरणारे खूप असतात, पण हे काम थोड्या वेळात होतं आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी जातो. लहान मुलांमध्ये टीटीजी नेहमीच्या मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यातली ईएमए ही चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या 2020 च्या नियमांनुसार बायोप्सीशिवायही निदान करता येतं.

आता पोळी बंद करण्याचा घोटाळा कुठे होतो ते पाहा. ग्लूटेन थांबलं की रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि लव परत उगवू लागते. काही महिन्यांनी तपासणीला गेलेल्या माणसाचा अहवाल 'नॉर्मल' येतो. आजार आहे की नाही, हे सांगायला पुरावाच उरत नाही. मग डॉक्टर म्हणतात, काही आठवडे पुन्हा गहू खा आणि मग या. ज्याला पोळी सोडून बरं वाटलेलं असतं त्याला ती शिक्षाच वाटते, आणि बरेच जण परत जातच नाहीत.

"पोळी सोडून बरं वाटलं, म्हणजे ग्लूटेनच सोसत नाही"

तसंच असेल असं नाही. गव्हात ग्लूटेनखेरीज फ्रुक्टान नावाची शर्करासाखळीही असते. ती कांद्यात असते, लसणातही असते. मोठ्या आतड्यात ती आंबते, वायू होतो, पोट फुगतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिलिॲक नसलेल्या, पण ग्लूटेन सोसत नाही म्हणून ते स्वतःहून सोडलेल्या 59 जणांना एकसारखे दिसणारे खाऊचे बार दिले. एकात ग्लूटेन होतं, दुसऱ्यात फ्रुक्टान, तिसऱ्यात दोन्ही नाही. कोणत्या आठवड्यात कोणता बार आहे ते खाणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्रास जास्त झाला तो फ्रुक्टानने. म्हणून या लोकांचा त्रास मनाचा खेळ ठरत नाही. त्रास खरा होता, आरोपी मात्र दुसराच निघाला.

ज्याला सिलिॲकेतर ग्लूटेन संवेदनशीलता म्हणतात, ती अवस्था डॉक्टर मानतात. पण तिची एकही खात्रीची चाचणी नाही. आधी सिलिॲक आणि गव्हाची ॲलर्जी नाही हे सिद्ध करायचं, मग उरलेल्या शक्यतांत ती बसवायची, एवढाच मार्ग आहे. 'दोनशे पदार्थांची इनटॉलरन्स टेस्ट' म्हणून जी महागडी आयजीजी तपासणी विकली जाते, ती या निदानासाठी कामाची नाही. तिच्यातून कळतं ते इतकंच की तुम्ही ते पदार्थ खाता.

"हा पंजाब-हरियाणाकडचा आजार"

आकडे वरवर पाहिले तर असंच वाटतं. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या 23 हजारांहून अधिक निरोगी प्रौढांची तपासणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तातल्या खुणा उत्तरेत शंभरात सव्वा जणांत सापडल्या, दक्षिणेत हजारात एकात. पण या आजारासाठी लागणारी जनुकं, डीक्यू2 आणि डीक्यू8, तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात, म्हणजे जवळपास तिघांत एकाकडे होती. फरक होता तो ताटात : उत्तरेत माणशी रोज सरासरी 455 ग्रॅम गहू, ईशान्येत 37 ग्रॅम, दक्षिणेत 25.

महाराष्ट्र या तपासणीत नव्हता. पण ज्या घरांत दोन पिढ्यांमागे ज्वारी-बाजरीची भाकरी हेच रोजचं जेवण होतं, तिथे आता सकाळी पोळीभाजी, डब्यात पोळीभाजी आणि मुलाच्या हातात बिस्किट असतं. हा आपला आजारच नाही असं म्हणायला आधार उरत नाही. जनुक असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही, फार थोड्यांना होतो, हेही खरं.

"जुलाब होत असतील तरच शंका घ्यायची"

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. सडपातळ हातपाय, फुगलेलं पोट आणि सतत जुलाब, हे चित्र लहान मुलांच्या बाबतीत बरोबर आहे. मोठ्यांमध्ये आजार बऱ्याचदा पोटाबाहेरच दिसतो. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आणि सिलिॲकची झळ सर्वांत आधी तिथेच लागते. त्यामुळे लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही हिमोग्लोबिन नऊवरून हलत नाही. अशा बाईला आपल्याकडे काय ऐकावं लागतं? पाळीमुळे असेल, पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, बायकांचं असतंच. गोळ्यांनी न सुधारणारा रक्तक्षय हे टीटीजी तपासायला पुरेसं कारण आहे, तेव्हा किमान तिने तरी डॉक्टरांना विचारावं.

वयाच्या मानाने खुंटलेली उंची, लांबलेली पाळी, तरुण वयात ठिसूळ हाडं, पुन्हा पुन्हा येणारं तोंड, गर्भ न राहणं, कारण न सापडता वाढलेली यकृताची एन्झाइम्स, कोपर-गुडघ्यांवर प्रचंड खाजणारे बारीक फोड, या वाटांनीही सिलिॲक समोर येतो. माणूस जाड असला तरी होतो.

गव्हावर संशय जायलाही काळ लागला. अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी 1924 मध्ये सिलिॲक असलेल्या मुलांना केळ्यांचा आहार दिला, मुलं सुधारली, आणि श्रेय केळ्याला मिळालं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांना मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच पावावर संशय होता. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा बाकी जनता खंगत असताना ही मुलं सावरली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये डिक यांनी आपला प्रबंध मांडला.

"आम्ही खपली वापरतो, शिवाय भाकरी आहेच"

खपली हा गहूच आहे. साखर सावकाश वाढते म्हणून कोणी तो खात असेल तर तो वेगळा विषय, पण त्यात ग्लूटेन भरपूर असतं. रवा, मैदा, लापशी, शेवया ही त्याच घरातली मंडळी. कुरडईबाबत पुष्कळांचा घोळ होतो. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चोथा काढून टाकला की उरतो तो निव्वळ चीक, मग त्यात ग्लूटेन कुठलं? पण घरच्या गाळणीने स्टार्च तेवढा शुद्ध होत नाही. कुरडई नकोच.

किती चालतं, याचा अंदाज असा : सिलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं, 50 मिलिग्रॅम रोज गेलं तर आतडं बिघडतं. एका मध्यम पोळीत ते साधारण अडीच ग्रॅम असतं. म्हणजे पोळीचा दोनशेवा तुकडाही मर्यादेबाहेर. भारतात 'ग्लूटेन-फ्री' असं लिहायचं तर पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, ते याच हिशेबाने.

हा हिशेब समजला की गिरणीची भीती का, ते कळतं. ज्वारीत ग्लूटेन नाही. पण गिरणीवाल्याने आधीच्या गिऱ्हाइकाचे पाच किलो गहू दळले आणि त्याच जात्यात तुमची ज्वारी ओतली, तर पहिल्या काही मुठी पीठ गव्हाचंच असतं. आधी तांदूळ दळून जातं साफ करून घेतलं तरी खात्री नसते. ज्यांना परवडतं ते घरघंटी घेतात आणि तिच्यात गहू शिरू देत नाहीत. लाकडी पोळपाट-लाटणं, कणकेची चाळणी आणि पिठाचे डबेही वेगळे लागतात. स्टीलची भांडी आणि तवा स्वच्छ घासले की पुरतात.

मग येतो दडून बसलेला गहू. मेतकुटात तो असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. आपल्याकडच्या सातूच्या पिठात डाळव्यासोबत गहूच असतो. आणि फोडणीतलं हिंग! बाजारात मिळतं ते बहुतेक बांधानी हिंग, म्हणजे मूळ हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ आणि डिंक मिसळलेलं. पिठल्यात गहू नाही, भातात नाही, वरणात नाही, पण चिमूटभर हिंग तिन्हींचं पथ्य मोडू शकतं. तांदळाच्या पिठात बांधलेलं हिंग मिळतं, डबीवरचे घटक वाचून घ्यावं. दुधात घालायच्या पावडरीतलं माल्ट जवाचं असतं, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, आणि साधे ओट्स शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळत आलेले असतात.

या सगळ्यात मराठी स्वयंपाकघराची बाजू भक्कम आहे, हेही सांगायला हवं. तांदळाची उकड, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, नाचणीची भाकरी, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा : ही यादी, उपासाच्या पदार्थांसकट, निसर्गतःच ग्लूटेनविरहित. महागडी 'ग्लूटेन-फ्री' बिस्किटं नसली तरी काही अडत नाही. त्यांत बहुतेकदा स्टार्च आणि साखरच जास्त, चोथा कमी. आजार नसलेल्याने वजन उतरवायला ती खाणं तर पैसे वाया घालवणंच.

"आता बरी आहेस ना, मग प्रसाद घे, एका घासाने काय होतं"

बरं वाटतं ते पथ्यामुळे. सिलिॲक वयानुसार जात नाही, आणि आजमितीला पथ्याची जागा घेईल अशी गोळी नाही. पाचक एन्झाइमच्या ज्या गोळ्या विकल्या जातात त्या प्रसादाच्या शिऱ्याला परवानगी देत नाहीत. एका घासानंतर पोट दुखलं नाही म्हणजे आतड्याला काही झालं नाही असंही नाही. पूजेचा शिरा वरीच्या तांदळाचा करता येतो. यजमानाला आदल्या दिवशी सांगितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांपुढचा पेच थोडा वेगळा आहे. मिस्साच्या भाकरीत गहू असायलाच हवा असा व्हॅटिकनचा नियम आहे, पण अगदी कमी ग्लूटेनची भाकरी मान्य आहे. तीही सोसत नसेल तर नुसता द्राक्षारस घेता येतो.

निदान झालेल्याच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनी स्वतःला काही त्रास नसला तरी तपासून घ्यावं, कारण त्यांच्यात शंभरातल्या सात-आठ जणांना हा आजार निघतो. आज निगेटिव्ह आलेलं भावंड काही वर्षांनी पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून चाचणी अधूनमधून पुन्हा करावी लागते. जनुकांच्या चाचणीत डीक्यू2 आणि डीक्यू8 दोन्ही नसतील तर मात्र सिलिॲक जवळपास बाद होतो आणि फेऱ्या थांबवता येतात. तोवर घरातल्या बाकीच्यांनी पोळी खात राहावी. रक्त द्यायच्या दिवसापर्यंत तर नक्कीच.