डिस्कवरील जागेची मोजणी आणि ‘डीयू’

संगणकाच्या डिस्कवर कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे, हे मोजून सांगणारी ‘डीयू’ ही कमांड युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्याच मॅन्युअलमध्ये, ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या पुस्तिकेत, नोंदलेली आहे. ‘डिस्क युसेज’ या शब्दांचे हे लघुरूप होय. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभारले, तेव्हा डिस्क फार लहान असत आणि एकाच डिस्कवर अनेकांचे काम चाले. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर असणारी आवृत्ती ग्नू प्रकल्पाची असून तिच्या लेखकांत टॉर्ब्यॉर्न ग्रानलुंड, डेव्हिड मॅकेन्झी, पॉल एगर्ट आणि जिम मेयरिंग यांची नावे आहेत.

कमांड लाइन, म्हणजे माउस न वापरता आज्ञा टाइप करून काम करवून घेण्याची पद्धत, वसई-विरारमध्ये मुख्यतः संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते; लिनक्सचे आदेश मुंबई विद्यापीठाच्या ऑपरेटिंग सिस्टिम प्रात्यक्षिकांत येतात आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही दिले आहेत. तथापि या साधनाची खरी गरज वर्गाबाहेर आहे. लग्नसराईत रोज नवे चित्रीकरण साठवणारा नालासोपाऱ्यातील स्टुडिओ किंवा वालीव-गोखिवरे पट्ट्यातील आराखडे जपणारा लघुउद्योग यांची डिस्क भरली, की पहिला प्रश्न डीयूचाच असतो.

डीयूचे सर्वांत विलक्षण अंग म्हणजे तिची पायपीट. फोल्डर ही वस्तुतः एक यादी असून तिच्यात फक्त नावे आणि प्रत्येक नावासमोर एक क्रमांक असतो. हा क्रमांक ‘आयनोड’ नावाच्या नोंदीकडे नेतो आणि फाइलचा आकार, मालक, डिस्कवरील ठिकाण हे सारे त्या नोंदीत असते. आतल्या सर्व फाइलींची बेरीज मात्र कुठेच लिहून ठेवलेली नसते. म्हणून डीयूला दिलेल्या फोल्डरपासून निघून प्रत्येक उपफोल्डरात शिरावे लागते, प्रत्येक फाइलची नोंद वाचावी लागते आणि तळापासून बेरजा वर आणाव्या लागतात. लाखो छोट्या फाइली असलेल्या जुन्या फिरत्या डिस्कवर तिला लागणारा वेळ हा या प्रामाणिकपणाचाच परिणाम आहे. सेफ-एफएस यासारख्या काही फाइल व्यवस्था, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या यंत्रणा, फोल्डरची बेरीज आपणच सांभाळतात, पण घरगुती संगणकांवर ती सोय सहसा नसते.

या मोजणीत आणखी एक बारकावा आहे. डिस्क जागा ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत वाटते, लिनक्सवर बहुधा ४०९६ बाइटच्या, त्यामुळे एका बाइटची फाइलही सामान्यतः पूर्ण ठोकळा अडवते. विरारमध्ये घर घेणाऱ्याला कार्पेट एरिया आणि बिल्ट-अप एरिया यांतला फरक जसा समजून घ्यावा लागतो, तसाच येथे मजकुराचा आकार आणि व्यापलेली जागा यांतला फरक आहे. डीयू एरवी दुसरी गोष्ट सांगते. पहिली हवी असल्यास ग्नू आवृत्तीत ‘ॲपरंट साइझ’ हा पर्याय द्यावा लागतो. एकाच आयनोडला दोन नावे असतील, तर ती फाइल एका मोजणीत एकदाच धरली जाते. त्यामुळे अशा सामायिक फाइली असलेली दोन बॅकअप फोल्डरे एकत्र मोजली, तर दुसरे अगदी लहान दिसते, आणि वेगवेगळी मोजली, तर दोन्ही पूर्ण आकाराची दिसतात. दोन्ही उत्तरे बरोबर असतात.

अडचणी येथूनच वाढतात. जेथे प्रवेशाची परवानगी नाही, तेथे डीयू तक्रार नोंदवून पुढे जाते आणि बेरीज तेवढी अपुरी राहते. चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली फाइल पुसली, तर तिचे नाव जाते पण जागा सुटत नाही. नावांच्या वाटेने चालणाऱ्या डीयूला ती दिसत नाही, मात्र संपूर्ण डिस्कचा हिशेब देणारी ‘डीएफ’ ही भावंड कमांड डिस्क भरलेलीच दाखवते, आणि त्या प्रोग्रामने फाइल सोडल्यावर किंवा तो बंद केल्यावरच जागा मोकळी होते.

याहून चिंतेची बाब म्हणजे नव्या फाइल व्यवस्थांची काटकसर. ॲपलने २०१७ मध्ये आणलेली एपीएफएस आणि लिनक्सवरील बीटीआरएफएस या व्यवस्थांत एखाद्या फाइलची प्रत केली, तर बदल होईपर्यंत मूळ आणि प्रत तेच ठोकळे वापरू शकतात. त्यांचे आयनोड वेगळे असल्याने डीयू मात्र दोन्ही पूर्ण मोजते. चित्रीकरणाची अशी प्रत पुसून मोठी जागा सुटेल या आशेवर राहिलेल्या संपादकाच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. ‘या फोल्डरचा आकार किती’ आणि ‘हे फोल्डर पुसले तर किती जागा सुटेल’ हे १९७१ मध्ये जवळपास एकच असलेले प्रश्न आता एकमेकांपासून दूर गेले आहेत, आणि डीयू केवळ पहिल्याचे उत्तर भरवशाने देते.

वसई-विरारमधील ज्या स्टुडिओंत आणि कार्यालयांत डिस्क भरत आल्या आहेत, त्यांनी काहीही पुसण्यापूर्वी डीयू आणि डीएफ या दोन्ही कमांड चालवून आकडे ताडून पाहावेत, तफावत दिसल्यास तिचे कारण शोधावे, आणि दुसऱ्या डिस्कवरील प्रत उघडून तपासल्याखेरीज कोणाच्याही लग्नाचे मूळ चित्रीकरण पुसू नये.