फॉर्ममधला रकाना आणि त्याचे गुणधर्म



प्रवेशाच्या दिवसांत शाळेसाठी मी जँगोमध्ये एक छोटा ऑनलाइन फॉर्म केला होता. मोबाईल नंबरच्या रकान्याला १० अक्षरांची मर्यादा घातली. नंबर दहा आकडीच असतो, मग चुकणार कुठे? पण काही पालकांना मेसेज पोचेनात. पाहिलं तर त्यांनी नंबर +९१ सकट पेस्ट केला होता. ती झाली १३ अक्षरं. ब्राउझरने पहिली १० ठेवली आणि शेवटचे तीन आकडे गुपचूप गळले. उरलेली अक्षरं बरोबर १०, म्हणून सर्व्हरनेही अडवलं नाही. चूक पालकांची नव्हती, माझी होती.

हे कसं घडतं ते समजून घेऊ. एचटीएमएलमध्ये प्रत्येक रकान्याला काही गुणधर्म, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, देता येतात. जँगोमध्ये रकान्याचं एचटीएमएल आपण सहसा हाताने लिहीत नाही. तिथे दोन गोष्टी वेगळ्या असतात. फील्ड ठरवतं की कोणती माहिती घ्यायची आणि ती कशी तपासायची. विजेट ठरवतं की रकाना पडद्यावर कसा येईल. गुणधर्म द्यायचे ते विजेटला, 'अ‍ॅटर्स' नावाच्या डिक्शनरीतून. आधी गुणधर्माचं नाव, मग त्याची किंमत.

नंबरच्या रकान्यासाठी उपयोगी पडणारे गुणधर्म असे:

- इनपुटमोड: किंमत 'टेल' दिली की मोबाईलवर आकड्यांचा कीपॅड उघडतो.
- ऑटोकम्प्लीट: हीच किंमत दिली की ब्राउझर साठवलेला नंबर स्वतः सुचवू शकतो.
- प्लेसहोल्डर: फिकट अक्षरातला नमुना. टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो, म्हणून रकान्याचं नाव, म्हणजे लेबल, वेगळं हवंच.

अक्षरांची मर्यादा मात्र फील्डवर लिहायची. तिथे लिहिली की जँगो तो गुणधर्म रकान्याला आपोआप लावतो. मी आता १० ऐवजी २० लिहितो, म्हणजे +९१ आणि मधल्या मोकळ्या जागाही मावतात.

मग खरी तपासणी कुठे? सर्व्हरवर. ब्राउझरमधला गुणधर्म ही फक्त भरणाऱ्याची सोय आहे, तो कुणालाही काढून टाकता येतो. म्हणून फॉर्मच्या 'क्लीन' पद्धतीत मोकळ्या जागा आणि +९१ काढायचे, मग नेमके दहा आकडे उरतात का ते बघायचं. एखादे आजोबा मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकतील. पायथॉनला तेही अंक म्हणून कळतात, फक्त साठवण्याआधी ते इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यायचे.

आणखी एक. हजेरी क्रमांक ००७ असा लिहीत असाल तर पूर्णांकाचं फील्ड घेऊ नका, पुढची शून्यं उडतील. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो क्रमांक मजकूर म्हणूनच घ्यावा.

फॉर्म पाठवण्याआधी तो स्वतःच्या फोनवर उघडा. +९१ सकट नंबर पेस्ट करा, मग मराठी आकड्यांत टाइप करा. आपल्याला दोन मिनिटं लागतील, पण एखाद्या पालकाचा निरोप चुकणार नाही.