वाड्यातलं भूत की वाड्याचा राखणदार?

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिली आहे. झी मराठीवर तिचा पहिला भाग २०१६ साली आला, दुसरा २०१९ साली आणि तिसरा २०२१ साली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला तो वाडा, अण्णा नाईक, माई, शेवंता, पांडू, सगळी घरचीच वाटायला लागली होती. मालिका संपली की अंगणात एकटीनं जायला भीती वाटायची. आणि प्रश्न एकच, या वाड्यात नेमकं आहे तरी काय?

आज आपण हे कोडं जुन्या गोष्टींच्या मदतीनं सोडवून बघू.

आपल्या पुराणांत देव आणि माणूस यांच्या मधले काही आहेत. यक्ष, गंधर्व, नाग. त्यांना उपदेव म्हणतात. यक्षांचं काम राखणीचं. कुबेर त्यांचा राजा, तो धनाचा रखवालदार. महाभारतातला यक्ष तळं राखतो. तहानलेले पांडव एकेक करून तिथं येतात. यक्ष म्हणतो, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम कुणी ऐकत नाही. पाणी पितात आणि कोसळतात. धर्मराज मात्र थांबतो, उत्तरं देतो.

कोकणात ही राखणदाराची कल्पना आजही जिवंत आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे रात्री फिरणारा तो प्रत्येक वेळी आपल्या जिवावर उठलेलाच असतो असं नाही.

आता मालिकेकडे परत बघा. अण्णांचा हात दुसऱ्याच्या वस्तूवर पडतो, दुसऱ्याच्या बाईवर पडतो. घरात माई निमूट सोसते. विचारणारं कुणी नाही. आम्हाला वाटतं, तो वाडा म्हणजे यक्षाचं तळंच आहे. उत्तर न देता जे ओरबाडलं, ते पुढच्या पिढीच्या घशाला अडकतं. ही आमची समजूत आहे, मालिका करणाऱ्यांनी असं सांगितलेलं नाही. पण असं पाहिलं की भीती कमी होते आणि डोळे उघडतात.

गोष्टीचा शेवट तर आपल्यासाठीच आहे. यक्ष म्हणतो, एका भावाला जिवंत करतो, सांग कोणाला? धर्मराज भीम, अर्जुन सोडून नकुलाचं नाव घेतो. का? कुंतीचा एक मुलगा, म्हणजे तो स्वतः, जिवंत आहे. मग माद्रीचाही एक जगला पाहिजे. सावत्र आईचा हक्क त्यानं आपल्या सख्ख्या भावांच्या आधी धरला. माई आणि शेवंता, दोघींच्या वाट्याला असा न्याय आला असता, तर वाड्यात भूत उरलं असतं का?

मैत्रिणींनो, मालिकेतलं भूत पडद्यावर राहतं. पण गावात कुणाची म्हैस आटली, कुणाचं मूल आजारी पडलं, की बोट एखाद्या एकट्या बाईकडे जातं. 'हिनंच करणी केली.' इथं गोष्ट संपते आणि गुन्हा सुरू होतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुणावर करणीचा आळ घेऊन तिला छळणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. एकटीला धीर होत नसेल तर गटातल्या चौघींनी सोबत जावं.

मालिका जरूर बघा, घाबरायची मजाही घ्या. पण उद्या कुणी कुणाकडे बोट दाखवलं, तर यक्षासारखं आधी विचारा: कुणी पाहिलं? पुरावा काय? आणि हिच्या जमिनीवर, घरावर डोळा कोणाचा आहे?

उत्तर मिळेपर्यंत त्या बाईची राखण आपण करायची.