सात अँथियास, एक टाकी

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या अनेकांच्या वाट्याला येणारा हा अनुभव आहे. हौसेने सात अँथियास आणले जातात. पहिला महिना सगळं छान चालतं. मग एक मासा कोपऱ्यात दडून राहू लागतो, त्याचं पोट खपाटीला जातं आणि एके सकाळी तो मेलेला सापडतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. वर्षभरात उरतो तो एकटा, धष्टपुष्ट नर. पाणी तपासावं तर त्यात दोष निघत नाही.

कारण थव्याच्या रचनेतच असतं. तांबड्या समुद्रापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत, आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांवरही आढळणारा लायरटेल अँथियास घ्या. त्याच्या माद्या सोनेरी-नारिंगी असतात. नर जांभळट-गुलाबी असतो आणि त्याच्या पाठीवरच्या पराचा तिसरा काटा लांब वाढलेला असतो. एका नराभोवती अनेक माद्या राहतात आणि त्यांच्यातही मोठी-धाकटी अशी उतरंड असते. या जातीत प्रत्येक नर आधी मादी असतो. थव्यातला नर नाहीसा झाला, की बहुधा वरच्या क्रमांकाची मादी नर होते. तेल अवीव विद्यापीठाचे लेव्ह फिशेलसन यांनी १९७० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं होतं. म्हणजे प्रत्येक मादी वरची जागा मिळण्याची वाट पाहत असते आणि खालचीला दाबून ठेवत असते.

समुद्रात हा दाब शेकडो माशांमध्ये विभागला जातो. चार फुटी टाकीत तो सगळा सर्वांत धाकट्या मादीवर येतो.

त्यावरचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे खाणं, आणि नेमकं तिथेच बहुतेक जण कमी पडतात. अँथियास प्रवाहाकडे तोंड करून दिवसभर वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपत असतात. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकले, तर दांडगे मासे पोट भरतात आणि दबलेली मादी उपाशी राहते. दिवसातून निदान तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं. फ्रोझन मायसिस, कोपेपॉड, माशांची बारीक अंडी असं पाण्यात तरंगणारं खाद्य प्रवाहात सोडलं, की ते टाकीभर पसरतं आणि मागे राहिलेल्या मादीच्या तोंडापर्यंत पोहोचतं. ज्याला दुपारी घरी थांबता येत नाही, त्याने ऑटोफीडर लावावा. शिवाय कोपेपॉड वाढवायला मुख्य टाकीला जोडलेली छोटी वेगळी टाकी ठेवावी. तिथून जिवंत खाद्य सतत मिळत राहतं.

एवढं खाद्य पडलं, की नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणारच. म्हणून दमदार प्रोटीन स्किमर आणि नियमित पाणीबदल यांना पर्याय नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात चिलरही लागतो, कारण तापमान २४ ते २६ अंशांच्या आसपास राहायला हवं. वर जाळीचं झाकण हवंच. घाबरलेला अँथियास सरळ बाहेर उडी मारतो.

टाकी ४०० लिटरच्या खाली नसावी आणि खडकांत लपायला भरपूर कपारी असाव्यात. एक नर आणि पाच-सहा लहान माद्या एकाच दिवशी सोडणं उत्तम, म्हणजे आधी जागा बळकावून बसलेला कुणी नसतो. नवख्याने लायरटेल किंवा बार्टलेट्स अँथियास निवडावा. टुका किंवा व्हेंट्रॅलिस हे दिसायला मोहक, पण खाण्याला पटकन तोंड लावत नाहीत. बाजारातले बहुतेक अँथियास आजही समुद्रातून पकडून आणलेले असतात, त्यामुळे दुकानात डोळ्यांदेखत खाणारा मासाच घ्यावा. रिकाम्या पोटाने गप्प उभा असलेला घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

आणि कधी नर मेलाच, तर घाईने नवा नर आणू नये. सगळ्यात मोठ्या मादीकडे लक्ष ठेवावं. तिचा रंग काही आठवड्यांत गुलाबी होऊ लागतो आणि पाठीवरचा काटा लांबतो. या काळात तिचं इतरांना हुसकावणं वाढतं, तेव्हा खाद्याची एखादी वेळ आणखी वाढवलेली बरी.