पोंगलची ठिपक्यांची रांगोळी : फोटो बघून काढू नका, आधी ठिपके मोजा

आपल्याकडे संक्रांत असते त्याच सुमारास, १४ किंवा १५ जानेवारीला, तामिळनाडूत पोंगल साजरा होतो. भात कापून घरात आलेला असतो. नवा तांदूळ, दूध आणि गूळ मडक्यात घालून अंगणात चूल पेटवतात. मडकं उतू गेलं की घरातले सगळे ‘पोंगलो पोंगल’ असं ओरडतात. पोंगल या शब्दाचा अर्थच उतू जाणं. रथसप्तमीला आपल्या अंगणात दूध उतू घालवतात, त्याची इथे आठवण होते.

ही चूल मांडायच्या आधी अंगणात रांगोळी पडते. तमिळमध्ये तिला कोलम म्हणतात. ठिपक्याला पुळ्ळी म्हणतात, म्हणून ठिपक्यांची रांगोळी म्हणजे पुळ्ळी कोलम. मोबाईलवर संक्रांतीच्या आठवड्यात तिचे फोटो आणि व्हिडिओ भरपूर फिरतात. बघायला सोपी वाटते, पण काढायला बसलं की अर्ध्यात रेषा चुकते. बहुतेक वेळा हात चुकलेला नसतो, ठिपक्यांची मोजणी चुकलेली असते.

महिनाभराची तयारी

पोंगलच्या आधीचा महिना म्हणजे मार्गळी, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. या महिन्यात बायका पहाटे अंगण झाडतात, शेणाचा सडा टाकतात आणि रोज नवी रांगोळी काढतात. काही घरी शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून रांगोळीच्या मधे ठेवतात.

सण चार दिवसांचा. पहिला दिवस भोगी, त्या दिवशी घरातलं जुनं-पुराणं जाळतात. दुसरा सूर्याचा, म्हणजे मुख्य पोंगल. तिसरा माट्टु पोंगल, गुराढोरांचा. बैलांना धुवून शिंगं रंगवतात, आपल्या पोळ्यासारखं. चौथा काणुम पोंगल, पाहुण्यारावळ्यांकडे जायचा. रांगोळी चारही दिवस असते.

ठिपके मांडायच्या दोन पद्धती

पहिली पद्धत सरळ ठिपक्यांची. ठिपक्याखाली ठिपका, चौकटीच्या वहीसारखा. दुसरी मधल्या ठिपक्यांची. वरच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली पुढच्या ओळीचा ठिपका येतो.

रांगोळीच्या चित्राखाली ‘५ ते १ सरळ’ किंवा ‘७ ते ४ मधले’ असं लिहिलेलं असतं. तेच नीट वाचायला शिकायचं.

‘५ ते १ सरळ’ म्हणजे ओळींमध्ये १, ३, ५, ३, १ असे ठिपके. एकूण १३. ‘७ ते ४ मधले’ म्हणजे सगळ्यात मोठी मधली ओळ ७ ची, तिच्या वर आणि खाली ६, ५, ४. एकूण ३७. सुरुवात नेहमी मोठ्या ओळीपासून करावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. रेषा ओढण्याआधी बेरीज जुळते का, ते एकदा मोजून घ्यावं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत अगरबत्तीने भोकं पाडलेला कागद ठेवून ठिपके टाकतात. तोही चालेल. कागद नसेल तर दोन ठिपक्यांत चार बोटांचं अंतर धरावं.

पहिली रांगोळी : पाच ठिपके, एक रेषा

सरळ ठिपके घ्या १, ३, १. अधिकच्या चिन्हासारखे पाच ठिपके होतात. इथे ठिपके जोडायचे नाहीत, ठिपक्यांभोवती रेषा फिरवायची. या प्रकाराला सिक्कु कोलम म्हणतात. सिक्कु म्हणजे गुंता.

वरचा ठिपका आणि मधला ठिपका यांच्या बरोबर मधे सुरुवात करा. रेषा वरच्या ठिपक्याच्या उजवीकडून वर न्या, वळसा घाला आणि डावीकडून खाली आणा. सुरुवातीच्याच जागी ती स्वतःला ओलांडते. तिथून तिरकी उजवीकडे, मधला आणि उजवा ठिपका यांच्या फटीतून काढा. उजव्या ठिपक्याच्या खालून जाऊन वरून परत या, पुन्हा त्याच फटीतून. मग खालच्या ठिपक्याला डावीकडून जाऊन उजवीकडून वर या. शेवटी डाव्या ठिपक्याच्या वरून जाऊन खालून परत. रेषा जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. चार पाकळ्या होतात आणि रेषा एकच.

रेषा एक येणार की तीन?

आयताकार ठिपके असतील आणि शेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांच्या मधून रेषा एकमेकींना ओलांडत असतील, तर याचं उत्तर शाळेतल्या मसावित आहे. ३ ओळी, प्रत्येकीत ४ ठिपके घेतले, तर ३ आणि ४ चा मसावि १. म्हणजे अख्खी रांगोळी हात न उचलता एका रेषेत पूर्ण होते. ३ ओळी आणि ३ ठिपके घेतले तर मसावि ३, म्हणजे तीन वेगवेगळ्या रेषा लागतात. २ आणि ४ ला दोन. एक ठिपका कमी-जास्त झाला की फोटोतली रांगोळी का जमत नाही, ते यावरून कळतं.

घरात पाचवी-सहावीची पोरं असतील तर त्यांना वहीवर हे करून बघू द्या. मसावि पाठ करायची गरज राहणार नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात याच रांगोळ्यांच्या नियमांचा संगणकशास्त्रासाठी अभ्यास केला होता.

पोंगलचं मडकं

सणाच्या दिवशी मडक्याची रांगोळी हवीच. सरळ ठिपके ५ ओळी, प्रत्येकीत ५. पहिल्या ओळीतले मधले तीन ठिपके जोडा, हा मडक्याचा काठ. त्याच्या दोन्ही टोकांपासून सरळ खाली दुसऱ्या ओळीपर्यंत या, हा गळा. तिथून बाहेर गोलाई देत तिसऱ्या ओळीच्या कडेच्या ठिपक्यांवर, सरळ खाली चौथ्या ओळीच्या कडेवर, मग आत वळून पाचव्या ओळीच्या दुसऱ्या आणि चौथ्या ठिपक्यावर या. हे दोन ठिपके जोडले की बूड झालं. काठावर तीन अर्धगोल काढा, ते उतू जाणारं दूध. दोन्ही बाजूंना एकेक ऊस. गळ्याशी हळदीची पानं काढा, कारण खऱ्या मडक्यालाही हळदीचं रोप बांधतात.

पीठ कोणतं वापरावं?

आपली रांगोळी दगडाच्या भुकटीची असते. कोलम मुळात तांदळाच्या पिठाचं. मुंग्या आणि चिमण्यांनी ते खावं, हा त्यामागचा विचार. सणाला तांदूळ भिजवून, वाटून, पातळ करूनही बोटाने रेषा ओढतात. कडेला गेरूची लाल रेघ देतात. आता तिकडेही दगडाची पांढरी भुकटी आणि दारात चिकटवायचे छापील स्टिकर आले आहेत. भुकटी स्वस्त पडते आणि बोटांतून सहज सुटते. पण ती कुणाच्या पोटात जात नाही.

म्हणून एक दिवस तरी पिठाची रांगोळी काढून बघावी. रेशनच्या तांदळाचं बारीक दळलेलं मूठभर पीठ पाच ठिपक्यांना पुरतं. ते चाळून घ्यावं, ओलं नसावं, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून हळू सोडावं. त्यात दगडाची भुकटी किंवा रंग मिसळू नये, नाहीतर पाखरांच्या पोटात तेच जाईल.

मुंबईत माटुंगा, धारावी भागातल्या तमिळ घरांसमोर पोंगलला ही रांगोळी बघायला मिळते. संध्याकाळपर्यंत ती पायाखाली पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात होते. रोज हाताने मोजून काढणाऱ्या बाईला मोबाईलमध्ये फोटो शोधावा लागत नाही.