घरातील धूळ, ओल आणि अंथरूण : पावसाळ्यानंतरच्या अॅलर्जीचा विचार

प्रस्तावना :

'अॅलर्जी' ही संज्ञा ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरली. मराठीत 'वावडे' हा शब्द त्याच्याही पूर्वीपासून आहे. परंतु वावडे हे बहुधा खाण्याच्या पदार्थाचे मानले जाते, राहत्या घराचे नव्हे. त्यामुळे भाद्रपदापासून सुरू होणाऱ्या शिंका, नाक चोंदणे व पहाटेची धाप यांचे खापर 'हवा बदलली' या एका वाक्यावर फोडले जाते. बाहेरच्या हवेत परागकण असतातच. १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत आज राज्यभर पसरले असून पावसात ते भरघोस फुलते. तथापि बाधित व्यक्ती दिवसातील अधिकांश काळ घरात आणि त्यातील सात-आठ तास अंथरुणावर काढते, हे लक्षात घेतल्यास शोधाची दिशा बदलते. प्रस्तुत लेखात या घरगुती कारणांचा व त्यांवरील उपायांचा विचार केला आहे.

धुळीतील सजीव घटक :

घरातील धुळीने दमा बळावतो हे वैद्यकास फार पूर्वी ठाऊक होते; मात्र धुळीतील नेमका घटक कोणता, हे नेदरलंड्समधील लायडन येथे व्होरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. तो घटक म्हणजे माइट हा कोळ्याच्या वर्गातील आठ पायांचा, सुमारे पाव मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारा जीव होय. माणसाच्या त्वचेचा गळणारा कोंडा हे त्याचे अन्न. तो पाणी पीत नाही. हवेतील बाष्प शरीरात शोषून जगतो. म्हणूनच सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के असताना त्याची वाढ उत्तम होते आणि ती दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. विदर्भातील उन्हाळा त्यास मानवत नाही, मुंबई-कोकणातील पावसाळा मात्र पुरेपूर मानवतो.

माणसास त्रास होतो तो मुख्यत्वे या जीवाच्या विष्ठेतील प्रथिनांचा. संवेदनशील व्यक्तीच्या शरीरात त्यांविरुद्ध इम्युनोग्लोब्युलिन ई हे प्रतिपिंड तयार होते व पुढील प्रत्येक संपर्कात हिस्टामिनसारखी द्रव्ये स्रवतात. विष्ठेचे कण तुलनेने जड असल्याने ढवळलेली धूळ साधारण अर्ध्या तासात खाली बसते. म्हणजे हे कण हवेत फारसे तरंगत नाहीत. ते उशीत, गादीत, गोधडीत असतात आणि कूस बदलताच नाकाशी येतात. हवा शुद्ध करणारी महागडी यंत्रे माइटच्या बाबतीत बेताचीच उपयोगी ठरतात, त्याचे कारण हेच. मांजराच्या अॅलर्जीची गोष्ट वेगळी. तिचे कण सूक्ष्म असून तासन्‌तास तरंगतात.

उपायांची पारख :

पाश्चात्त्य पुस्तिकांतील 'घरातील आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवावी' हा सल्ला थंड हवेच्या, बंद घरांच्या देशांत शक्य कोटीतील आहे. जुलैमध्ये बाहेरची आर्द्रताच ८० टक्क्यांच्या वर असताना उघड्या खिडक्यांच्या घरात तो पाळणे अशक्य होय. तेव्हा हवा नव्हे, तर अंथरूण हेच आपल्याकडील उपायांचे केंद्र असावयास हवे.

या संदर्भात घटस्थापनेपूर्वी घरातील झाडून साऱ्या गोधड्या, वाकळा नदीवर नेऊन धुण्याची ग्रामीण महाराष्ट्रातील रीत लक्षणीय आहे. तिच्यामागील भावना धार्मिक शुचितेची आहे. तीत माइटचे ज्ञान दडले होते असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु काळ मात्र नेमका साधला जातो : पावसाच्या ओलीत माइट वाढलेले असतात आणि पाठोपाठ ऑक्टोबरचे कडक ऊन येते. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात माइट मरतात. थंड पाण्यात बरेच जगतात, मात्र त्रासदायक प्रथिने पाण्यात विरघळून बहुतांशी निघून जातात. याउलट नुसत्या उन्हाने जीव मरतात, प्रथिने तशीच राहतात. म्हणून आधी धुणे व नंतर ऊन, ही जोडी महत्त्वाची. कापसाची गादी धुता येत नाही; ती उन्हात तापवून अंगणात वा गच्चीवर झोडपावी व त्यावर घट्ट विणीची खोळ घालावी. गादी पिंजून घेताना बाधित व्यक्ती जवळपास नसणेच इष्ट.

येथे संशोधनाचा कौलही पाहणे आवश्यक आहे. २००३ मध्ये ब्रिटनमधील प्रौढ दमेकऱ्यांच्या मोठ्या चाचणीत केवळ माइटरोधक खोळींचा लाभ दिसला नाही. २००८ च्या कॉक्रेन समीक्षेत ५४ चाचण्यांचा आढावा घेऊन माइट-नियंत्रणाच्या उपायांनी दम्यात फरक पडल्याचे आढळत नाही, असेच म्हटले गेले. दुसरीकडे, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी शहरांतील मुलांच्या अभ्यासात अंथरूण, झुरळे, तंबाखूचा धूर अशा अनेक कारणांवर एकाच वेळी काम केल्यावर त्रासाचे दिवस कमी झाले. एक खोळ विकत घेऊन निश्चिंत होणे, हा त्यामुळे खर्चिक भ्रम ठरतो. या उपायांच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर बंद करणे तर धोक्याचेच.

ओल, झुरळे आणि धूर :

भिंतीवरील बुरशी हे ओलीचे लक्षण असते. गळती तशीच ठेवून वरून रंग दिल्यास पुढील आषाढात ती पुन्हा उगवते. घरात दोऱ्या बांधून कपडे वाळविल्याने ओल वाढते. निदान निजण्याच्या खोलीत तरी ते टाळावे. झुरळांची विष्ठा, लाळ व गळलेले कवच हीदेखील अॅलर्जीची प्रमुख कारणे आहेत. त्यांवर वारंवार फवारा मारण्यापेक्षा रात्री खरकटे न ठेवणे, फटी बुजविणे व जेलचे ठिपके लावणे बरे, कारण फवाऱ्याने श्वासनलिकेचा दाह होऊ शकतो. उदबत्ती, धूप व डासांची कॉइल यांचा धूर काटेकोर अर्थाने अॅलर्जीकारक नसून दाहकारक आहे. आधीच सुजलेल्या श्वासनलिकेस मात्र हा भेद कळत नाही.

उरतो प्रश्न सफाई करणाऱ्या व्यक्तीचा. दसरा-दिवाळीची झाडलोट बहुतेक घरांत स्त्रियाच करतात आणि पुष्कळदा दमा त्यांनाच असतो. कोरड्या केरसुणीने जाळ्या-जळमटे काढताना वर्षाची धूळ थेट त्यांच्या नाकातोंडात जाते. अशा घरात हे काम इतरांनी करावे, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास बाधित व्यक्तीने त्या खोलीत जाऊ नये.